दोन पडदे, एक टेबल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारात चपला काढता काढताच थबकतो. घाटकोपर पश्चिमेचं आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत खिडकीखाली चार फुटी टेबल आणि त्यावर शेजारी शेजारी दोन मॉनिटर. माणूस एक, कॉम्प्युटर एक, मग पडदे दोन कशाला? आमच्या मजल्यावरच्या शेठजींनी तर सरळच विचारलं, "काय शायरसाहेब, शेअर बाजारात उतरलात की काय?" घाटकोपरमध्ये हा प्रश्न काही वावगा नाही. आमच्याच इमारतीत दोन घरांत असे जोडपडदे आहेत आणि सकाळी सव्वानऊ वाजले की त्यांच्यावर लाल-हिरवे आकडे नाचायला लागतात.

माझ्या पडद्यांवर आकडे नसतात. एकावर पिवळ्या पडलेल्या वहीचं पान असतं आणि दुसऱ्यावर माझं मराठी. हे दोन पडदे मी कसे जोडले, कुठे कुठे चुकलो आणि त्यांच्यामुळे एका ओळीचा अर्थ कसा बदलला, तेवढंच आज सांगणार आहे.

वही माझ्या अब्बांची. उर्दूत अशा वहीला बयाज म्हणतात. आवडलेले शेर, स्वतःचं काहीबाही, उधारीचे हिशेब, घरातल्या नोंदी असं सगळं तिच्यात एकत्र नांदत असतं. अब्बा पेशाने कातिब होते. कातिब म्हणजे सुंदर अक्षरात मजकूर लिहून देणारा, पण हौसेखातर नव्हे, छपाईसाठी. उर्दूची नस्तालीक लिपी शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसे. तिच्यातलं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मध्ये दुसरं आणि शेवटी तिसरं. शिवाय शब्द उजवीकडून डावीकडे जाताना तिरका खाली उतरतो. म्हणून मराठी छापखान्यांत कंपोझिटर खिळे जुळवत होते, त्याच काळात मुंबईतली उर्दू वर्तमानपत्रं आणि पुस्तकं कातिबांच्या हातांनी लिहिली जात आणि मग छापली जात. भिंतीला पाठ, गुडघ्यावर पाटी, हातात बोरू, अशी अब्बांची बैठक मला अजून आठवते.

पुढे हे काम कॉम्प्युटरने घेतलं. मिर्झा अहमद जमील यांनी नस्तालीकचे हजारो जोडशब्द हाताने लिहून ते यंत्रासाठी तयार केले आणि १९८१ साली लाहोरचं 'जंग' त्या नूरी नस्तालीकमध्ये निघालं. १९९४ मध्ये आपल्याकडे इनपेज हे सॉफ्टवेअर आलं आणि साध्या पीसीवर उर्दू पान लावता येऊ लागलं. एकेका छापखान्यातली कातिबांची बैठक उठली. अब्बांचीही उठली. कॉम्प्युटरशी आमच्या घराची पहिली ओळख झाली ती अशी. अब्बांनी मात्र त्याच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. "हरूफ अच्छे हैं," एवढंच म्हणाले. अक्षरं चांगली आहेत. कातिबाने दुसऱ्याच्या अक्षराला चांगलं म्हणावं, यापेक्षा मोठा दाखला नाही.

माझं शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत झालं. लिहू लागलो तो मराठीतच. घरात सोलापूरकडची दखनी बोली. उर्दू कानाला पूर्ण कळायची, पण डोळ्यांनी वाचायची म्हटलं की अक्षर अक्षर लावत बसावं लागायचं. अब्बा गेल्यावर बयाज माझ्याकडे आली. तिचं मराठी करायचं असं मी ठरवलं, तेव्हा आम्ही मायलेकांनी एक रीत बसवली. अम्मी वही घेऊन मोठ्याने वाचायची आणि मी टंकायचो. जुन्या छापखान्यात असंच चालायचं. एकजण मूळ प्रत वाचणारा, त्याला कॉपीहोल्डर म्हणत, आणि दुसरा प्रुफावर पेन्सिल फिरवणारा. मी पोटासाठी अनुवाद आणि मुद्रितशोधनच करतो, त्यामुळे ही जोडी मला ओळखीची होती. माझी कॉपीहोल्डर फक्त मधूनच थांबायची, चष्मा काढायची आणि डोळे पुसून पुन्हा वाचू लागायची.

मग तिची नजर गेली. म्हणजे पूर्ण नाही. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला. बाजूचं दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसट होतं. अक्षर खूप मोठं केलं तर थोडा वेळ वाचता येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण वहीतलं अक्षर मोठं कोण करणार? अम्मीने वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अब तू पढ."

मी पानं स्कॅन केली. तेव्हा माझ्याकडे एकच मॉनिटर होता, सतरा इंची, जुन्या चौकोनी घडणीचा. अर्ध्या पडद्यावर वहीचं पान आणि अर्ध्यावर मराठी मजकूर. हे कसं चालतं, ते आकड्यांत सांगतो. पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. माझ्या मॉनिटरवर एका आडव्या ओळीत १२८० ठिपके मावत. निम्मे केले की ६४०. बयाजचं पान पाच इंच रुंद. स्कॅनरने इंचाला ६०० ठिपके टिपले, म्हणजे पान झालं ३००० ठिपके रुंद. तीन हजार ठिपक्यांचं पान ६४० ठिपक्यांत कोंबायचं, तर कॉम्प्युटरला जवळजवळ पाचाचा एक करावा लागतो. मोठी अक्षरं टिकतात, बारीक खुणा विरून जातात. आणि उर्दूत अर्थ पुष्कळदा बारीक खुणांतच असतो. एक नुक्ता इकडचा तिकडे गेला की शब्द बदलतो.

पान मोठं करून बघावं तर ते मराठीला झाकून टाकायचं. मग आल्ट आणि टॅबच्या कळा दाबून एकदा उर्दू, एकदा मराठी. शब्द बघायचा, मनात धरायचा, पान बदलायचं आणि लिहायला जावं तर मनातला शब्द निसटलेला. वयाच्या पन्नाशीनंतर ही निसटण्याची क्रिया जरा जास्तच चपळ होते. अनुवाद करताना मूळ ओळ नजरेआड झाली की आपण आठवणीवर विसंबतो आणि आठवण फार प्रेमाने चुका करते. आपल्याला जे हवं असतं ते ती ओळीत घालून देते. त्याचा पुरावा पुढे येणारच आहे.

एका कॉम्प्युटरला दोन पडदे ही काही आजची शोधकला नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत एक कृष्णधवल आणि एक रंगीत अशी दोन कार्डं बसवून दोन मॉनिटर चालवता येत. १९८७च्या मॅकिंटॉश टूवर तर दोन पडदे मिळून एकच मोठं टेबल व्हायचं. विंडोजवाल्यांना ही सोय विंडोज ९८ मध्ये मिळाली. पण तेव्हाचे मॉनिटर म्हणजे काचेच्या नळीचे डबे. एक ठेवला तरी टेबलाची खोली संपायची, वीज खायचे ते वेगळंच. सपाट पडदे स्वस्त झाले तेव्हा हे प्रकरण घराघरात येऊ शकलं. २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या घरी आल्या आणि लोकांनी दुसरा पडदा घेतला. त्यातलाच एक माझ्या वाट्याला आला.

अंधेरीला माझा भाचा राहतो. त्याने नवा मोठा पडदा घेतला आणि आपला साडेएकवीस इंची मला देऊ केला. "मामू, पडून आहे, घेऊन जा." मी रिक्षाने गेलो आणि रिक्षानेच परत आलो. मॉनिटर चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. साकीनाक्याच्या गर्दीत रिक्षा अडकली की आरशातून ड्रायव्हर बघायचा. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "चाचा, आरसा आहे का?" मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

घरी आल्यावर खरी परीक्षा. कॉम्प्युटरच्या पाठीमागे बघायची सवय आपल्याला नसते. तिथे धूळ आणि भोकं एवढंच दिसतं. पण दुसरा पडदा जोडायचा तर आधी तिथेच बघावं लागतं. बाहेर चित्र नेणारी किती तोंडं आहेत आणि कोणत्या जातीची, हे मोजायचं. निळ्या टोपीचं, पंधरा टाचण्यांचं ते व्हीजीए, जुनं. पांढरट, रुंद, पुष्कळ टाचण्यांचं ते डीव्हीआय. चपटं, खालचे कोपरे छाटलेलं ते एचडीएमआय, जे टीव्हीलाही असतं. त्याच्यासारखंच, पण एकच कोपरा छाटलेलं ते डिस्प्लेपोर्ट. कॉम्प्युटरला एक जात आणि मॉनिटरला दुसरी असेल तर नुसती केबल नेहमी पुरत नाही. व्हीजीए चढउताराच्या लहरींत बोलतं आणि एचडीएमआय आकड्यांत. त्यांच्यामध्ये दुभाष्या लागतो, म्हणजे रूपांतर करणारी छोटी डबी. लॅमिंग्टन रोडला ती कोणत्याही दुकानात मिळते, पण घेताना 'कॉम्प्युटर एचडीएमआय आणि पडदा व्हीजीए' अशी दिशा सांगून घ्यावी. उलट्या दिशेची डबी वेगळी असते. अनुवादकाला हे चटकन पटतं. उर्दूवरून मराठी करणाऱ्याला मराठीवरून उर्दू करता येईलच असं नाही.

माझ्या नशिबाने डबी लागली नाही. जुना मॉनिटर व्हीजीएवर होताच, नव्यासाठी मी एचडीएमआयचं तोंड शोधून केबल खोचली आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'नो सिग्नल'. केबल काढली, फुंकली, पुन्हा लावली. नो सिग्नल. अर्धा तास गेला. मॉनिटर रिक्षात मेला, अशी माझी खात्री झाली. भाच्याला फोन केला. तो हसून म्हणाला, "मामू, केबल वरच्या उभ्या रांगेत लावली का? खाली आडवी पट्टी आहे बघा, तिथे लावा."

गोष्ट साधी होती. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मुलाने कधीतरी खेळांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. वरची रांग मदरबोर्डची, खालची आडवी पट्टी कार्डाची. कार्ड बसलं की पुष्कळ कॉम्प्युटर मदरबोर्डची चित्रतोंडं आपोआप बंद करतात. दिसतात सगळी, पण बोलत नाहीत. दोन्ही केबली कार्डावर लावल्या आणि दुसरा पडदा उजळला. हे सविस्तर सांगतोय, कारण चांगला मॉनिटर बिघडला म्हणून दुकानात नेऊन ठेवण्याआधी एवढं तपासलं तर तुमचा हेलपाटा वाचेल.

पडदा उजळला, पण दोन्हीकडे तेच चित्र. तीच माझी फाइल इथेही आणि तिथेही. विंडोजची कळ आणि पी दाबलं की चार पर्याय येतात. फक्त पहिला पडदा, फक्त दुसरा, डुप्लिकेट आणि एक्स्टेंड. डुप्लिकेट म्हणजे एकाची नक्कल दुसऱ्यावर. वर्गात फळ्याशेजारी प्रोजेक्टर लावतात, तिथे ते उपयोगी. मास्तर बघतात तेच मुलांनी बघायचं असतं. एक्स्टेंड म्हणजे टेबलाला फळी जोडणं. जागा वाढते आणि एकीकडची वस्तू दुसरीकडे सरकवता येते. मी एक्स्टेंड केलं, वहीचं पान ओढत ओढत नव्या पडद्यावर नेलं आणि तिथे पूर्ण पडदाभर पसरलं. खिडकी उचलून न्यायची तर विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकदम दाबली की ती उडी मारून पलीकडे जाते, हे नंतर कळलं.

आता मांडणी. नवा मोठा पडदा मी उजवीकडे ठेवला होता आणि त्यावर उर्दू. विचार असा की उर्दू उजवीकडून सुरू होते, तर ती उजवीकडेच बरी. मराठी डावीकडून, म्हणून मराठी डावीकडे. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! चार दिवसांत मान धरली. अम्मीने तेल चोळून दिलं, बायकोने सल्ले दिले. पाचव्या दिवशी मान का दुखते ते माझ्या लक्षात आलं. उर्दूची ओळ सुरू होते पडद्याच्या उजव्या कडेला, म्हणजे टेबलाच्या पार उजव्या टोकाला. मराठीची ओळ सुरू होते डाव्या कडेला, म्हणजे पार डाव्या टोकाला. दर ओळीला मी या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवत होतो. टेनिसचा सामना बघणाऱ्यासारखी.

मग पडद्यांची अदलाबदल केली. उर्दू डावीकडे, मराठी उजवीकडे. आता उर्दूची ओळ डाव्या पडद्याच्या उजव्या कडेपासून निघते आणि मराठीची ओळ उजव्या पडद्याच्या डाव्या कडेपासून. दोन्ही ओळी मधल्या फटीपाशी सुरू होतात आणि तिथून विरुद्ध दिशांना जातात. दोघींच्या पहिल्या शब्दांमध्ये फार तर चार बोटांचं अंतर. मान हलत नाही, फक्त नजर फटीच्या इकडून तिकडे जाते. उर्दू आणि मराठी दोन्हींशी काम करणाऱ्या कोणालाही हे करून बघायला सांगेन. दोन्ही भाषा डावीकडून लिहिल्या जात असतील, हिंदी-मराठी किंवा इंग्रजी-मराठी, तर मात्र हा फायदा मिळत नाही. तिथे ज्याच्यावर टंकता तो पडदा समोर आणि दुसरा त्याच्या बाजूला जरासा तिरका, ही मांडणी बरी.

पडदे हलवले, पण कॉम्प्युटरला ते कळलं नव्हतं. माऊसचा बाण मधल्या फटीकडे नेला की भिंतीवर आपटल्यासारखा थांबायचा आणि उलट्या टोकाकडून पलीकडे निघायचा. कॉम्प्युटरच्या समजुतीत उर्दू अजून उजवीकडेच होती. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलात की एक आणि दोन अशा आकड्यांच्या दोन चौकटी दिसतात. आयडेंटिफाय म्हटलं की कोणता आकडा कोणत्या पडद्याचा ते पडद्यांवरच उमटतं. मग चौकट धरून ओढायची आणि टेबलावर जशी मांडणी आहे तशीच तिथे करायची. माझे दोन पडदे उंचीलाही सारखे नव्हते. एक १०८० ठिपके उंच, दुसरा १०२४. त्यामुळे कडेला बाण अडखळायचा. चौकटींचे माथे एका रेषेत आणले आणि तो त्रास बराच कमी झाला. मुख्य पडदा कोणता, हेही तिथेच सांगता येतं. मी मराठीचा केला, कारण माझा हात तिथे चालतो.

डोळ्यांविषयी एक सांगतो. पडदा हातभर लांब असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. पण आमच्यासारखे दुहेरी भिंगांचे चष्मेवाले खालच्या भिंगातून वाचतात. पडदा उंच असला की आपण हनुवटी वर करून बसतो आणि मानेचं पुन्हा तेच. अशांनी पडदा आणखी खाली घ्यावा. मी जुन्या मॉनिटरखाली ठेवलेले दोन जाड शब्दकोश काढून घेतले. शब्दकोशांनाही बरं वाटलं असेल. विजेचं म्हणाल, तर या मापाचा एलईडी पडदा २०-२५ वॅटच्या आसपास खातो. पंख्याहून कमी.

आता त्या ओळीकडे येतो.

बयाजमध्ये १९७८ सालच्या पावसाळ्यातली एक नोंद आहे. एकच वाक्य. मी ते पूर्वी, त्या निम्म्या पडद्यावर वाचलं होतं, "उस घर में नींद अच्छी आती है." त्या घरात झोप छान लागते. माझ्या डोळ्यांसमोर लगेच सोलापूरकडचं गावचं घर उभं राहिलं. मातीच्या भिंती, अंगणातला लिंब. मुंबईत बोरू झिजवणारा बाप रात्री गावच्या घराला आठवतो. मी त्यावर कविता लिहिली. दोन-तीन ठिकाणी वाचली, टाळ्या मिळाल्या. एकदा एक गृहस्थ मुद्दाम भेटून म्हणाले, "तुमची मुळं कुठे आहेत ते आज कळलं." मलाही तेव्हा बरंच वाटलं.

उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. 'इस' आणि 'उस', म्हणजे 'ह्या' आणि 'त्या', दोन्ही अगदी सारखेच लिहिले जातात. अलिफ आणि सीन. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचं. फार गरज वाटली तर खुणा असतात. अक्षराखाली तिरकी रेघ दिली की ती जेर, तिचा उच्चार इ. वर दिली की जबर, उच्चार अ. वर छोट्या आकड्यासारखी खूण ती पेश, उच्चार उ. खाली तो जेर, वर तो जबर. मराठीत आपण जेरीस येतो आणि जबरदस्त म्हणतो, ते शब्द याच घरचे. पण रोजच्या लिहिण्यात या खुणा कोणी देत नाही.

एके दिवशी संध्याकाळी ते पान डाव्या पडद्यावर पूर्ण पसरलं होतं आणि मी आणखी मोठं करत होतो. एकेक अक्षर वीतभर झालं होतं. अम्मी मागून आली. खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली, मान जराशी वळवली, कारण तिला आता बाजूच्या नजरेने बघावं लागतं, आणि बऱ्याच वर्षांनी तिने वाचायला सुरुवात केली. हळूहळू. "इस... घर में... नींद अच्छी आती है."

मी म्हटलं, "उस, अम्मी. उस घर में."

"उस नै रे," ती म्हणाली. "उनो नीचे जेर दिये सो दिखता नै क्या?"

मी बघितलं. अलिफच्या खाली एक बारीक तिरकी रेघ होती. कागदावर मला ती शाईचा शिंतोडा वाटली होती आणि निम्म्या पडद्यावर तर ती दिसतच नव्हती. आता स्पष्ट दिसत होती. बोरूच्या छाटलेल्या टोकाची, वरून जाड आणि खाली निमुळती. शिंतोडा असा पडत नाही. तरी मी खात्री करून घेतली. बयाजच्या दुसऱ्या एका पानावर अब्बांनी एका अनोळखी नावाखाली जेर दिला होता. तो उजव्या पडद्यावर शेजारी लावून बघितला. तोच कल, तीच जाडी.

इस घर में नींद अच्छी आती है. ह्या घरात झोप छान लागते.

"कौनसा घर?" मी विचारलं, जणू मला कळलं नव्हतं.

अम्मीने खोलीभर नजर फिरवली. "येच. अठहत्तर में लिये ना अपन. पहली बारिश थी. ऊपर से पानी गळता था, फिर भी सोते थे." १९७८ साली आम्ही ही जागा घेतली, तेव्हा मी लहान होतो. छत गळायचं ते मला आठवतं. अब्बा झोपायचे ते आठवत नाही.

कातिब खूण उगाच देत नाही. वाचणारा चुकेल असं वाटतं, तिथेच देतो. सगळ्या वहीत अब्बांनी इस आणि उस कितीदा लिहिलं असेल, खूण दिली ती या एका ठिकाणी. पुढे कोणीतरी वाचेल आणि आपल्याला गावाकडे पाठवेल, हे त्यांना ठाऊक असावं. तो कोणीतरी घरातलाच निघेल, हे बहुतेक ठाऊक नसावं.

ती कविता मी पुढच्या संग्रहातून काढली आहे. वाईट नव्हती, पण ती माझी हौस होती आणि मी ती अब्बांच्या नावावर खपवली होती. मला लोक नेहमी विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? मी गावाचं नाव सांगतो, ते खोटं नाही. पण आता पुढे जोडून सांगतो, की राहायला आणि झोपायला घाटकोपरचा.

श्रोतेहो, दुसरा पडदा लावला म्हणजे काम चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. त्यावर बातम्या आणि क्रिकेटचा स्कोअर लावून ठेवला तर होतं तेही काम बिघडतं. कविता लिहायला बसतो तेव्हा मी डावा पडदा बंदच करतो. पण ज्या कामात एक मूळ असतं आणि एक आपलं असतं, अनुवाद असो, मुद्रितशोधन असो, हिशेबाची पावती असो की जुन्या दस्तऐवजाची नक्कल, तिथे मुळाला त्याची स्वतःची पूर्ण जागा द्यावी. आपल्या मजकुराखाली त्याला झाकू नये, कोपऱ्यात दाबून लहान करू नये. ते समोर उघडं असलं की चुकताना आपल्याला निदान त्याच्या डोळ्यांदेखत चुकावं लागतं.

आता रोज मगरिबनंतर अर्धा तास अम्मी डाव्या पडद्यासमोर बसते. अर्ध्या तासाने डोळा थकतो. तेवढ्यात कधी चार ओळी होतात, कधी एक. ती वाचते, मी उजवीकडे लिहितो. अब्बांचं हे काम ज्या यंत्राने घेतलं, त्याच यंत्रावर त्यांची कॉपीहोल्डर पुन्हा कामाला लागली आहे. काल एक पान संपलं. मी उठू लागलो तर म्हणाली, "बैठ. अगला सफा लगा."

पुढचं पान लावलं आहे. नमस्कार.